लुसियोला कुणी जाऊ दिलं

शिकागो
९ नोव्हेंबर २०२५

सुनेत्रा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी मला भांडायचं आहे. आणि हे ईमेलवर भांडतोय, कारण तुझ्या वहिनीनं आपल्या दोघांना फॅमिली ग्रुपमधून काढून टाकलंय. म्हणे, बारशाचे फोटो शोधावे तर मधे सगळीकडे तुम्हा भावाबहिणीचं बेसबॉल. एकाहत्तर वर्षांच्या नवऱ्याला ग्रुपमधून काढते ही बाई. असो. तिच्याशी नंतर भांडेन.

आमच्या क्लबनं लुसियोला सोडलं. लुसियो बाराहोना. अकरा सीझन ज्यानं शिकागोसाठी बॉल टाकला, हाडं गोठवणाऱ्या एप्रिलमध्येही ज्यानं कधी कुरकुर केली नाही, तो. त्याचा करार संपला, म्हणजे आता तो फ्री एजंट. ज्या टीमनं बोलावलं त्या टीमकडे जायला मोकळा. अशा वेळी क्लबनं काय करावं? त्याच्या घरी जावं, हातापाया पडावं आणि त्याला ठेवून घ्यावं. यांनी साधी ऑफरसुद्धा दिली नाही. का, तर पेपरात आलंय की क्लबमधल्या आकडेवाल्या विभागातून एक रिपोर्ट गेला. त्याच्या बॉलची फिरकी कमी होत चाललीय, कोपराचा काही भरवसा नाही, मोठा करार करू नका. बस. कुणीतरी एसीत बसून माउस फिरवला आणि अकरा वर्षं पुसून टाकली. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

गेल्या रविवारी आपल्या पोरींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा मी टीव्हीसमोर ढसाढसा रडलो. त्या पोटातून खेळल्या. ते कुठल्या एक्सेलमध्ये बसतं, मला दाखव.

अनया काल जेवायला आली होती. पोरगी पाच वर्षं त्याच क्लबमध्ये आहे, तिकिटांचे दर ठरवते. तिला म्हटलं, ऑफिसात चौकशी कर, हा रिपोर्ट लिहिणारा दीडशहाणा कोण आहे ते. तर पानावरून उठून गेली. भरलं वांगं तसंच टाकून. तिलाही आपल्या क्लबची लाज वाटत असणार, बोलत नाही एवढंच.

मी गप्प बसणार नाही. पुण्यात आपले अण्णा नळाला पाणी उशिरा आलं तरी संपादकांना पत्र लिहायचे, मी त्यांचाच मुलगा आहे. पेपरला पत्र पाठवलंय, क्लबच्या मालकाला पाठवलंय, स्पोर्ट्स रेडिओवर फोन करून बोललोय. आता सह्यांची मोहीम काढतोय. मागणी एकच. रिपोर्ट लिहिणाऱ्याचं नाव जाहीर करा आणि त्याला घरी पाठवा.

अनेक आशीर्वाद.

दादा

*

अर्विंग, टेक्सास
१२ नोव्हेंबर २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचताना माझा चेहरा बघून तुझ्या मेहुण्यानं, परीक्षितनं, मला विचारलं, शिकागोत कुणी गेलं का. म्हटलं, नाही, पिचर सोडला.

मी चौतीस वर्षं इथल्या कॉलेजात गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यांवर राग काढणाऱ्या माणसाशी माझं फारसं जमत नाही, सख्खा भाऊ असला तरी. लुसियो पस्तिशीचा झाला. गेल्या दोन सीझनमध्ये ऑगस्ट आला की त्याला मार पडतो, हे तुला दिसत नव्हतं? दिसत होतं. जुलैत तूच मला फोनवर म्हणाला होतास, याला आज लवकर बाहेर काढायला हवं होतं. तेच कुणीतरी कागदावर मांडलं तर तो दीडशहाणा.

आणि नाव जाहीर करा म्हणजे काय? रस्त्यात गाठून मारणार आहेस? क्लबनं निर्णय घेतला, क्लबवर तोंडसुख घे. मालक आहे, मॅनेजर आहे, त्यांना भरपूर पगार त्यासाठीच मिळतो. ऑफिसातल्या माणसाच्या मागे हात धुऊन लागायचं म्हणजे घरमालकावरचा राग वॉचमनवर काढण्यातला प्रकार झाला.

आमच्या टेक्सासला एका पिचरची गरज आहेच. तुमचा लुसियो इकडे आला तर मी स्टेडियमवर जाऊन त्याच्यासाठी टाळ्या वाजवीन आणि तुला व्हिडिओ पाठवीन. फुटबॉलचं मात्र काही विचारू नकोस, आमच्या टीमचं नाव काढलं की परीक्षित उठून आत जातो.

अनयाला काय झालंय? परवा फोन केला तर ‘आत्या, आय विल कॉल यू बॅक’ म्हणाली आणि केलाच नाही. अशी ती कधी करत नाही.

सुनेत्रा

*

शिकागो
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुनेत्रा,

हे पत्र आल्याचं तुझ्या दादाला कळू देऊ नकोस, मला फोनही करू नकोस. मी मनोहरच्या शेजारी बसून फोनवर बोलू शकत नाही आणि तो घराबाहेर जात नाही, गेला तर सह्या गोळा करायला जातो.

तो रिपोर्ट आपल्या अनयानं लिहिलाय.

तिकिटांचं काम तिनं दोन वर्षांपूर्वी सोडलं. कॉलेजात असताना तिनं स्टॅटिस्टिक्स केलं ते ह्याच कामासाठी, हे मलाही आत्ता कळतंय. त्या विभागात ती पिचर लोकांचे हात बघते. म्हणजे कॅमेऱ्यातून बघते, बॉल सुटताना कोपर कुठे असतं, महिन्यागणिक किती खाली येतं, असं काहीतरी. मला समजावून सांगत होती, मी अर्धंच समजले. पण सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होतास.

मी म्हटलं, बाबांना का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं. कधी, ते सांगेना. मग मी म्हटलं, आता तरी सांग, म्हणजे ही मोहीम थांबेल. तर म्हणाली, “मी आहे म्हणून थांबतील, आई. चूक आहे म्हणून नाही. आय डोन्ट वॉन्ट दॅट.” आणि माझ्याकडून शब्द घेतला. तुला सांगायची परवानगी दिली, कारण तिला कुणाशी तरी बोलायचं आहे आणि मी बोलायला लागले की रडते.

ह्याच्यापेक्षा वाईट पुढे आहे. गेल्या शनिवारी आपल्या लोकांचा दिवाळीचा कार्यक्रम झाला, त्या शाळेच्या हॉलमध्ये. मनोहरनं फराळाच्या टेबलाशेजारी टेबल मांडलं आणि येईल त्याची सही घेतली. मराठी मंडळातला गुरुदत्त त्याच्या मदतीला. निम्म्या लोकांना बेसबॉलमधलं काही कळत नाही, मनोहरकाका म्हणतायत ना, मग करा सही. सुवर्णानं केली. राधिकानं केली, जिनं अनयाला दोन वर्षं सांभाळलं, मी नोकरीवर जायचे तेव्हा. कागदावर लिहिलंय की या बेजबाबदार व्यक्तीला ताबडतोब काढून टाकावं. मनोहरनं त्याचे फोटो काढून क्लबला ईमेल केले. आणि क्लबनं ते कुणाकडे पाठवले असतील? त्या विभागाकडे. अनयानं ऑफिसात बसून एकेक नाव वाचलं. पहिलं नाव तिच्या बापाचं.

मला इतका संताप आलाय सुनेत्रा, की मी सध्या त्याला चहासुद्धा आदळूनच देते. तो म्हणतो, तुलाही लुसियोचं दुःख झालेलं दिसतंय.

तुझी
शोभनावहिनी

*

शिकागो
१२ डिसेंबर २०२५

सुनेत्रा,

झालं तुझ्या मनासारखं. गेला तो. तुमच्या टेक्सासला गेला, तीन वर्षांच्या करारावर. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा हात तपासला आणि ठीक आहे म्हणाले. ऐकलंस? डॉक्टरांनी. कम्प्युटरनं नाही. आता वाजव टाळ्या, पण मला व्हिडिओ पाठवू नकोस. पाठवलास तर उघडणार नाही.

पत्रकार परिषद पाहिली. नव्या टीमचा शर्ट घालताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाला अकरा वर्षं राबवायचं आणि मग दार दाखवायचं. इथे टीव्हीवर दोन शहाणे बसले होते, ते म्हणाले, बिझनेस आहे. मी टीव्ही बंद केला.

पण माझं पत्र छापून आलं. पूर्ण, एक शब्द न कापता. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या स्तंभलेखकानं तो विषय उचलला आणि आता रेडिओवर रोज तेच चाललंय. त्या लेखकानं शोधून काढलंय की रिपोर्ट लिहिणारी एक तरुण मुलगी आहे. नाव नाही दिलं, पण मुलगी. मी रेडिओवर परत फोन केला आणि सांगितलं की जिनं आयुष्यात कधी बॉल हातात धरला नसेल, तिनं लुसियोच्या हाताबद्दल बोलू नये. ते वाक्य त्यांनी दिवसभर वाजवलं. डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानात एका अनोळखी माणसानं मला आवाजावरून ओळखलं. शेक हँड केला.

नेटवर तिच्याबद्दल लोक काय वाट्टेल ते लिहितायत. काही काही वाचवत नाही, हे मी मान्य करतो. पण तिनंच ओढवून घेतलंय. एवढा मोठा निर्णय घेताना विचार करायला हवा होता.

शोभनाचं काय बिनसलंय कळत नाही. अनया तर महिनाभर इकडे फिरकलेली नाही. काम फार आहे म्हणते. डिसेंबरात तिकिटांचं कसलं काम असतं?

दादा

*

अर्विंग
१४ डिसेंबर २०२५

दादा,

आज नमस्कार करायची माझी इच्छा नाही.

तू रेडिओवर जे बोललास ते आमच्या शिवनं मला फोनवर ऐकवलं. तुझाच आवाज होता, तरी मी त्याला दोनदा विचारलं, हा नक्की आपला दादामामा ना. जिनं कधी बॉल हातात धरला नसेल. तुला काय माहीत तिनं काय हातात धरलं ते? तू तिला ओळखतोस? तिला बाप असेल, त्यानं तिला बागेत नेऊन बॉल टाकायला शिकवलं असेल. हातमोजा मोठा होतो म्हणून आत रुमाल कोंबून दिला असेल. हे तुझ्या डोक्यात येत नाही?

तू राज्य सरकारचे पूल तपासत होतास. दक्षिण इलिनॉयमधल्या त्या गावचा पूल तू बंद करायला लावलास तेव्हा काय झालं होतं? लोक म्हणाले, आमच्या आजोबांच्या वेळेपासून उभा आहे, काल आलेला हा परदेशी कोण. तुझ्या गाडीवर अंडी फेकली. तू मला लिहिलं होतंस की लोकांना पूल दिसतो, मला भेग दिसते, आणि ती दिसल्यावर मी गप्प बसलो तर माझा पगार हराम आहे. मी ते पत्र वर्गात पोरांना वाचून दाखवायची. तोच माणूस आज अंडी वाटत फिरतोय.

लुसियोचा हात टिकेल की नाही मला माहीत नाही. तुलाही नाही. आमचे डॉक्टर बरोबर असतील, ती मुलगी बरोबर असेल. पण जिचं काम बघायचं होतं, तिनं बघितलं आणि जे दिसलं ते लिहिलं. ह्याच्यात तिचा गुन्हा काय?

सह्या मागे घे. पेपरला लिही की माझं म्हणणं क्लबबद्दल होतं, त्या मुलीला सोडा. हे तू आज कर, उद्या नको. का एवढी चिडलेय ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. आयुष्यात मी तुला फार काही मागितलेलं नाही.

आणि ‘तिनंच ओढवून घेतलंय’ हे वाक्य पुन्हा कधी मला लिहू नकोस.

सुनेत्रा

*

शिकागो
१६ डिसेंबर २०२५

सुनेत्रा,

पूल आणि पिचर ह्यांत फरक आहे. पुलाला मन नसतं.

लुसियो तुमच्याकडे आला म्हणून तुला आता रिपोर्टवालीचा कळवळा आलाय. साहजिक आहे, तिच्यामुळेच तो तुम्हाला मिळाला. उगाच मला नीतीचे धडे देऊ नकोस. सह्या मागे घेणार नाही. जानेवारीत सगळे कागद घेऊन स्वतः क्लबच्या ऑफिसात जाणार आहे.

दादा

*

शिकागो
१२ जानेवारी २०२६

प्रिय सुनेत्रा,

काल झालं ते तुला सांगायलाच हवं, आणि अनया सांगणार नाही म्हणून मी सांगते.

रविवार होता. मनोहरनं जेवणाच्या टेबलावर सह्यांचे सगळे कागद पसरले होते, सोमवारी क्लबात न्यायचे म्हणून. अनया आली. कोट काढला नाही, बूट काढले नाहीत. तशीच टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, आय रोट इट. तो रिपोर्ट मी लिहिलाय.”

मनोहर आधी हसला. त्याला वाटलं, ती त्याची मोहीम बंद करायला काहीतरी रचून सांगतेय. म्हणाला, तू तिकिटांत आहेस.

“नॉट फॉर टू इयर्स. मी तुम्हाला सांगितलं होतं. फोनवर. लुसियो वॉज पिचिंग. तुम्ही म्हणालात, वा, छान. मग टीव्हीचा आवाज वाढला.”

त्यानं हातातला कागद खाली ठेवला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मग म्हणाला, “मला माहीत असतं तर मी असं केलं असतं का?”

“आय नो,” ती म्हणाली. “म्हणूनच परत नाही सांगितलं.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल, पोरीला जवळ घेईल. सुनेत्रा, तुझ्या भावानं काय केलं सांगू? तो म्हणाला, पण टेक्सासच्या डॉक्टरांनी तर कोपर ठीक सांगितलंय. तो वाद घालायला लागला. आणि एक क्षण मला दिसलं, अनयाचं तोंड उघडलं होतं, तिच्याकडे उत्तर होतं, तिला ते द्यायचं होतं. लहानपणी दोघं असेच तासन्‌तास भांडायचे, कोण चांगला पिचर यावरून. मग तिनं तोंड मिटलं.

तिनं राजीनामा दिलाय. क्लबनं तिला काढलं नाही, उलट थांब म्हणत होते, तिचं नाव त्यांनी पेपरवाल्यांना कळू दिलं नव्हतं. पण ती म्हणते, मी रोज गाडी लावताना मागे वळून बघते, मला नाही असं राहायचं. टेक्सासच्या टीमनं तिला बोलावलंय. ज्यांनी लुसियोला घेतलं त्यांनाच तीही हवीये. त्यांच्या मॅनेजरनं म्हणे सांगितलं की आम्ही तुझ्या मताच्या विरुद्ध गेलो, पुढच्या वेळी ते मत आमच्याकडे असावं. फेब्रुवारीपासून तिकडे. तुझ्याकडे काही दिवस राहू का, विचारायला ती तुला फोन करेल.

ती गेल्यावर मनोहरनं ते कागद गोळा केले आणि कपाटात ठेवले. फाडले नाहीत. मी म्हटलं, फाड. म्हणाला, लोकांच्या सह्या आहेत. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले, शेजारची सिंथिया दार वाजवून विचारायला आली, एव्हरीथिंग ओके का म्हणून.

शोभनावहिनी

*

अर्विंग
३ फेब्रुवारी २०२६

दादा,

अनया पोचली. शिवच्या खोलीत राहतेय. इथून टीमचं स्टेडियम जवळ आहे, परीक्षित पहिल्या दिवशी सोडायला गेला होता.

तू मला चार ईमेल पाठवलीस. ती नीट जेवते का, तिला गाडी चालवायला रस्ते रुंद वाटतात का, नव्या ऑफिसात तिला कुणी त्रास तर देत नाही ना. एकाचंही उत्तर मी देणार नाही. तिचा ईमेल तुझ्याकडे आहे. पेपरला, मालकाला, रेडिओला लिहिताना तुला शब्द सापडले, आता मात्र मधे आत्या लागते.

मला तुझी दया येतेय आणि त्याचाही मला राग येतोय.

सुनेत्रा

*

शिकागो
२२ फेब्रुवारी २०२६

सुनेत्रा,

अनयाला लिहायला बसतो आणि तीन ओळींत लुसियोच्या कोपरावर येतो. मग पुसतो. मला माफी मागायची सवय नाही, वाद घालायची आहे. तेव्हा पुन्हा तुलाच लिहितोय. चिडायचं असेल तर चीड.

परवा पेपरात चार ओळींची बातमी आली. वादग्रस्त रिपोर्ट लिहिणारी कर्मचारी क्लब सोडून गेली, असं. नाव नव्हतं. त्या संध्याकाळी गुरुदत्त, सुवर्णा आणि अजून दोघं घरी आले. गुरुदत्तच्या हातात डेव्हनवरून आणलेला पेढ्यांचा खोका. दारातच म्हणाला, अभिनंदन, मनोहरकाका, गेली एकदाची. आपण जिंकलो. आणि पेढा माझ्या तोंडासमोर धरला.

शोभना स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. मी काय करतो ते बघत होती.

मी म्हटलं, तो रिपोर्ट माझ्या अनयानं लिहिला होता. आपण सगळ्यांनी मिळून तिला शिकागोतून घालवलं. पहिली सही माझी आहे.

सुवर्णा पेढा खाता खाता थांबली. तिच्या हातात अर्धा पेढा तसाच. मग गुरुदत्त म्हणाला, “अहो, मग आधी नाही का सांगायचं? आपली अनया आहे हे माहीत असतं तर कुणी सही केली असती का?”

चांगल्या मनानं म्हणाला तो. माझं सांत्वनच करत होता. पण मला त्या वाक्याचा असा संताप आला की मी त्याला घराबाहेर जा म्हणालो. वीस वर्षांची ओळख आहे. त्याच्या मुलाच्या लग्नात मी पुढे उभा होतो. तो गेल्यावर लक्षात आलं की हेच्या हेच वाक्य मी जानेवारीत टेबलाशी बसून अनयाला म्हणालो होतो. आपली नसती, दुसऱ्या कुणाची पोरगी असती, तर आम्ही सगळ्यांनी त्या संध्याकाळी पेढे खाल्ले असते. मीसुद्धा. दोन खाल्ले असते.

सुनेत्रा, मला माझाच इतका राग आलाय की झोप लागत नाही. हा राग कुणाला लिहून पाठवायचा ते कळत नाही, त्याला संपादक नाही.

पेपरला मी पत्र पाठवलं. माझ्या नावानं, तिचं नाव न घेता. लिहिलं की रेडिओवर मी एका मुलीबद्दल जे बोललो ते खोटं होतं. तिनं बॉल हातात धरला होता. तिचं काम न बघता मी तिला दोषी ठरवलं आणि ती माझी कुणी नसती तरी ते चूकच होतं. त्यांनी छापलं नाही. म्हणाले, विषय जुना झाला. मी पुन्हा पाठवलंय, रोज पाठवीन.

लुसियोनं ॲरिझोनात सरावाला सुरुवात केलीय म्हणे. मी पाहिलं नाही.

तिला विचार, मी येऊ का. उतरायला हॉटेल बघेन, तुमच्याकडे येणार नाही. लुसियोबद्दल एक शब्द बोलणार नाही. ती म्हणेल तेव्हा येईन, ती म्हणेल तेव्हा जाईन. तिला मराठी अक्षरं वाचायला वेळ लागतो, तेव्हा तू वाचून दाखव. काही गाळू नकोस. जिथे मी वाईट दिसतो तिथे तर नाहीच.

दादा

*

अर्विंग
२५ फेब्रुवारी २०२६

दादा,

नमस्कार.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर तुझं पत्र अनयाला वाचून दाखवलं. सगळं, तू म्हणालास तसं. ती ओट्याला टेकून उभी होती. गुरुदत्तचं आलं तेव्हा म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. मग तिनं विचारलं, सुवर्णामावशीनं तो अर्धा पेढा खाल्ला का. तू ते लिहिलेलं नाहीस, तर मी म्हटलं, मला माहीत नाही.

पेपरच्या पत्राबद्दल मी तिला म्हटलं, तो रोज पाठवणार आहे, छापेपर्यंत थांबायचा नाही, तू ओळखतेस त्याला. ती म्हणाली, “आय डू.”

मी अजून रागावलेलीच आहे, आणि राहीन. पण तू गुरुदत्तला जे दारात उभं राहून सांगितलंस ते लिहून पाठवलं नाहीस, तोंडानं बोललास, ते वहिनींनी मला फोनवर वेगळं सांगितलं. त्या रडत नव्हत्या.

शेवटी तू विचारलंयस, मी येऊ का. ते वाचलं आणि थांबले. ती पाणी प्यायली, ग्लास विसळून जागेवर ठेवला. मग म्हणाली, “अजून नको.” मराठीत म्हणाली. तू मला काही गाळू नकोस म्हणालास, म्हणून जसं म्हणाली तसंच लिहिलंय. नको म्हणाली नाही. अजून नको म्हणाली.

सुनेत्रा